हा परवाना आहे की पैसे भरल्याची पावती?

काल सकाळी साडेनऊला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुन्हा जेसीबी उभा राहिला. पंधरा महिन्यांतली ही चौथी खेप. या वेळी विजेची केबल. मी खाली उतरून मुकादमाला विचारलं, "परवानगी आहे का?" त्याने न चिडता खिशातून मोबाईल काढला आणि एका कागदाचा फोटो दाखवला. शिक्का आहे, सही आहे, पावती क्रमांक आहे. "सगळं लीगल आहे काका," तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. सगळं लीगल आहे. चारही वेळा लीगलच होतं. आजची पोस्ट या 'लीगल'बद्दलच आहे. लांब आहे, पण पूर्ण वाचा. तुमच्या गल्लीचा नंबर एक तर लागून गेला असेल, नाही तर लागायचा असेल.

आधी आमच्या गल्लीची कुंडली सांगतो. गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात पाण्याची लाईन टाकली. चर तसाच मातीने बुजवला, तीन महिने धूळ खाल्ली. फेब्रुवारीत डांबरीकरण झालं. नारळ फुटला, फोटो निघाले, फ्लेक्स लागला. आम्हीही खूश. पोरांनी त्या गुळगुळीत रस्त्यावर सायकली फिरवल्या. बरोबर तीन आठवड्यांनी गॅसवाले आले आणि त्याच डांबराला कटर लावला. त्यानंतर पाच आठवड्यांनी फायबरवाले आले. त्यांनी गॅसच्या चरापासून हातभर अंतरावर दुसरा चर घेतला. वर चार पाट्या खडी आणि काळी भुकटी टाकून दोघेही निघून गेले.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि दोन्ही चर खाली बसले. वर पाणी साचल्यामुळे खड्डा किती खोल आहे ते दिसेना. शेजारच्या इमारतीतल्या काकू, वय ६८, सकाळी दूध आणायला निघाल्या होत्या. पाय आत गेला आणि त्या कुशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन महिने अंथरुणात गेले. दिवाळीत त्या पहिल्यांदा वॉकर घेऊन गॅलरीत आल्या. दूध आता मुलगा आणतो. जी बाई रोज सकाळी चार गल्ल्या फिरून यायची, तिचं जग आता गॅलरीपुरतं उरलंय.

काकूंच्या मुलाने विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध करायची?" गॅसवाले म्हणाले, आम्ही दुरुस्तीचे पैसे आधीच भरलेत. फायबरवाले म्हणाले, खचलेला चर आमचा नाही, बाजूचा आहे. कार्यालयात सांगितलं, रस्ता पूर्ववत करण्याच्या कामाची निविदा प्रक्रियेत आहे. तिघांचंही कागदावर बरोबर. हाड मात्र काकूंचं मोडलं.

मग मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. आमच्या गल्लीसाठी दिलेल्या सगळ्या खोदाई परवान्यांच्या फायली मागितल्या. दुसऱ्या स्मरणपत्रानंतर झेरॉक्स मिळाल्या. त्या फायलींत काय आहे हे प्रत्येक करदात्याला माहीत असायला हवं, म्हणून सांगतो.

अर्ज आहे. गुगलच्या नकाशावर लाल पेनाने ओढलेली एक रेघ आहे. किती मीटर खोदणार, त्याचा आकडा आहे. त्या आकड्याला दराने गुणून काढलेली डिमांड नोट आहे. पैसे भरल्याची पावती आहे. शेवटी परवान्याचं पत्र आणि त्याखाली छापील अटी. अटी वाचल्या तर डोळ्यांत पाणी येईल इतक्या सुंदर. काम रात्री करावे, बॅरिकेड लावावेत, थराथराने दाबून चर बुजवावा, काम संपल्यावर कळवावे.

आता काय नाही ते ऐका. परवाना देण्याआधी कोणी जागेवर जाऊन पाहिलं, त्याची नोंद नाही. त्या रस्त्याखाली आधीच काय काय गाडलंय, त्याचा नकाशा नाही. काम कधी सुरू झालं, कधी संपलं, याची तारीख नाही. चर कशाने आणि कसा बुजवला याची तपासणी नाही, एक फोटोही नाही. अटी छापल्या, पण त्या पाळल्या का, हे बघितल्याचा एक कागद नाही.

आणि सगळ्यात कडू गोष्ट. गॅसचा अर्ज डिसेंबरातला आहे. फायबरचा जानेवारीतला. म्हणजे फेब्रुवारीत आमच्या रस्त्यावर डांबर ओतलं तेव्हा तो रस्ता लवकरच दोनदा फुटणार आहे, हे त्याच कार्यालयाला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय, अर्ज टेबलावर होते. डांबराची फाईल एका टेबलावर आणि खोदाईच्या फायली पलीकडच्या टेबलावर. मधलं अंतर सहा फूट. ते सहा फूट पंधरा महिन्यांत कोणी चाललं नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात एवढंच आहे: आपल्याकडे खोदाईचा परवाना तपासला जात नाही, विकला जातो. लाच असा अर्थ लावू नका. पैसे रीतसर तिजोरीत जातात, पावती मिळते. पण परवाना देणारी यंत्रणा एकच प्रश्न विचारते, 'मीटर किती आणि पैसे भरले का?' रस्त्याचं काय होणार, हा प्रश्न त्या फॉर्ममध्ये नाहीच.

परवाना तपासणं म्हणजे खरं काय असतं? चार साधे प्रश्न. पहिला, हेच काम आत्ताच आणि इथेच करायला हवं का, की आणखी कोणाचं काम याच रस्त्यावर येतंय आणि दोन्ही एकाच चरात बसतील? दुसरा, जमिनीखाली काय आहे आणि खोदताना काय तुटू शकतं? तिसरा, काम चालू असताना माणसं, शाळेच्या रिक्षा, अँब्युलन्स कुठून जाणार? चौथा आणि सगळ्यात महत्त्वाचा, चर बुजवल्यावर तो खचणार नाही याची खात्री कोण करणार आणि खचला तर कोणाचा खिसा कापला जाणार? या चारपैकी एकाचंही उत्तर आमच्या फायलींत नाही.

चर का खचतो, यात रॉकेट सायन्स नाही. खणून काढलेली माती परत लोटली, वरून एकदा जेसीबीची बकेट आपटली की वरवर घट्ट दिसतं, आत पोकळ राहतं. नियमाने साधारण वीतभर जाडीचा एकेक थर घालून, पाणी मारून, यंत्राने दाबत वर यायचं असतं. मग मुरूम, खडी, त्यावर डांबर. हे केलं नाही की पाऊस पोकळी शोधतो आणि रस्ता खाली बसतो. नुकसान चराच्या रुंदीपुरतं राहत नाही. कापलेल्या कडांचा आधार गेलेला असतो, पाणी बाजूच्या चांगल्या रस्त्याखालीही शिरतं आणि एक फुटाच्या चरापायी तीन फूट रस्ता जातो. वर डांबराचा थर दिल्यावर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून तपासणी चर उघडा असतानाच करायला हवी. महिन्याभराने येऊन वरून फोटो काढण्याला तपासणी म्हणत नाहीत.

आता दुसरी बाजू. मी संबंधित अभियंत्यांनाही भेटलो. माणूस प्रामाणिक वाटला. म्हणाले, "सर, तीन प्रभाग माझ्याकडे आहेत. परवाने, खड्डे, अतिक्रमण, निवडणुकीची ड्युटी, सगळं मीच. टेप धरायला माणूस नाही, गाडीला डिझेल नाही. प्रत्येक चरावर उभा राहिलो तर ऑफिसात कोण बसणार?" मला हे पटलं. पण मग अशा व्यवस्थेला परवाना पद्धत म्हणू नका, टोलनाका म्हणा. टोलनाक्यावर तरी गाडी समोर दिसते.

ते आणखी एक म्हणाले, वरून घाईचं दडपण असतं. हेही खरं आहे. टेलिफोन-इंटरनेटच्या केबलसाठी केंद्राने २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे नियम आणले. अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यायचा, नाही दिला तर परवानगी मिळाली असं समजायचं. अर्ज तपासण्याचं शुल्क किलोमीटरला १,००० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, दुरुस्तीचा खर्च वेगळा. त्याजागी आता १ जानेवारी २०२५ पासून नवे नियम लागू झालेत. हेतू चांगला होता. फायली दाबून ठेवून कंपन्यांना नाचवायचे प्रकार थांबायला हवे होते. पण मुदत पाळा याचा अर्थ डोळे मिटून सही करा असा होत नाही. काम केव्हा आणि कसं करायचं, रस्ता कसा पूर्ववत करायचा, याच्या अटी घालायचा अधिकार २०१६ च्या नियमांतही होता. ६० दिवस म्हणजे दोन महिने. तेवढ्या वेळात एका गल्लीत एक चक्कर मारता येत नाही?

केंद्रानेच मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं, म्हणजे जमिनीखाली ज्यांच्या केबल-पाईप आहेत त्यांना सूचना जाईल. सरकारनेच तेव्हा सांगितलं होतं की बेपर्वा खोदाईमुळे देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा फायबर तुटते आणि सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं. म्हणजे रोग दिल्लीपर्यंत माहीत आहे, औषधही काढलंय. काल मी मुकादमाला विचारलं, ॲपवर कळवलंय का? तो म्हणाला, "ते ऑफिसवाल्यांना माहीत असेल." ऑफिसवाल्यांच्या परवान्यात त्या ॲपचा उल्लेखही नाही.

कोणी म्हणेल, भारतात हे असंच चालायचं. नाही चालायचं. बंगळुरूत खोदाईचे अर्ज एकत्र बघण्यासाठी सगळ्या यंत्रणांची मिळून एक ऑनलाईन पद्धत आहे. त्याच शहरात 'टेंडरशुअर' योजनेतून काही मुख्य रस्ते असे बांधले की केबल आणि पाईप फुटपाथखालच्या डक्टमधून जातात. नवी केबल टाकायची तर झाकण उघडायचं, रस्ता फोडायचा नाही. तिथेही सगळं आलबेल नाही, बंगळुरूकर खड्ड्यांवर आपल्याइतकेच चिडलेले असतात. पण करायचं ठरवलं तर करता येतं, एवढं त्यातून दिसतं.

बाहेरचं बघायचं तर इंग्लंडचं बघा. तिथेही पाणी, गॅस, वीज, फायबर सगळे रस्ता खोदतातच. पण १९९१ च्या कायद्याने चर बुजवणाऱ्याने त्याची दोन वर्षं हमी द्यायची, खोल चर असेल तर तीन वर्षं. ठरल्या तारखेपेक्षा काम लांबलं तर दिवसाप्रमाणे आकार लागतो. २००४ च्या कायद्याने आधी परवाना घेण्याची पद्धत आणली. लंडनच्या गर्दीच्या रस्त्यांवर तर २०१२ पासून गर्दीच्या वेळी रस्ता अडवला की दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत भाडं बसू लागलं. भाडं, बरं का. कारण रस्ता लोकांचा आहे आणि तुम्ही तो वापरताय. कुठे, कोण, कधी खोदणार आहे हे तिथला नागरिक घरबसल्या नकाशावर बघू शकतो. न्यूयॉर्कमध्ये नवा केलेला रस्ता पाच वर्षं 'संरक्षित' असतो. तो खोदायचा तर वेगळ्या, कडक अटी. आमचा रस्ता तीन आठवडे संरक्षित होता, तोही कोणी अर्ज केला नव्हता म्हणून नाही, पत्र टाईप व्हायचं होतं म्हणून.

आपण लंडन नाही, मान्य. तेवढा पैसा नाही, माणसं नाहीत. पण दोन टेबलांनी महिन्यातून एकदा एकत्र बसायला पौंड लागत नाहीत.

आणि आता हा फक्त गैरसोयीचा विषय राहिलेला नाही. खड्ड्यांचं प्रकरण उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्वतःहून दाखल करून घेतलं, तेही एका न्यायमूर्तींनीच लिहिलेल्या पत्रावरून. सुस्थितीतला रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे, असं न्यायालय म्हणत आलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर भरपाईचे आकडेच ठरवले. खड्डा किंवा उघडं मॅनहोल यामुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख, जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. आणि ही रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून, ठेकेदारांकडून वसूल करायला सांगितलंय. उत्तम. पण जबाबदार कोण, हे ठरवायचं कशावरून? ज्या फायलीत काम संपल्याची तारीख नाही, तपासणाऱ्याची सही नाही, ती फाईल कोर्टात कोणालाच दोषी ठरवू शकत नाही. फाईल कोरी ठेवणं म्हणजे निव्वळ आळस नाही, मंडळी. कोरी फाईल हे सगळ्यात भक्कम चिलखत आहे.

जाता जाता आपल्याही पदरात थोडं घालून घेऊ. गॅस आपल्यालाच हवाय, सिलिंडरची वाट कोणाला बघायचीय? फायबर बंद पडलं की दहा मिनिटांत आपणच फोन करतो. आणि शहरातले कितीतरी चर कंपन्यांचे नाहीत, आपले आहेत. नळजोड घेताना प्लंबरला "रात्रीत उरकून टाक" कोण सांगतं? मांडवाच्या खांबासाठी नव्या रस्त्यात पहार कोण घालतं? माझ्या स्वतःच्या सोसायटीने चार वर्षांपूर्वी ड्रेनेजची लाईन अशीच विनापरवाना जोडली, आणि तेव्हा मी कमिटीवर होतो. मीही गप्प बसलो. म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवताना ही कबुली आधी देतो. नियम झाला तर तो आधी मला लागू व्हावा.

खोदू नका असं मी म्हणतच नाही. शहर वाढणार, लाईन बदलाव्या लागणार, गळती लागली तर मध्यरात्रीही खोदावं लागणार. माझी मागणी एवढीच की परवाना खरोखर परवाना असावा. त्यासाठी पाच गोष्टी मागतोय. यातल्या एकालाही नवा कायदा लागत नाही.

१. चालू आणि येऊ घातलेल्या सगळ्या खोदाईचा नकाशा संकेतस्थळावर टाका. कोण, कुठून कुठे, किती मीटर, कधीपासून कधीपर्यंत. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ म्हणतंच की अशी माहिती लोकांनी मागण्याआधी स्वतःहून द्यायची.

२. डांबरीकरणाच्या किंवा काँक्रीटच्या कामाचा आदेश देण्याआधी त्या रस्त्यावरचे खोदाईचे सगळे प्रलंबित अर्ज निकाली काढा. पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस, फायबर, सगळ्यांना लेखी विचारा. ज्यांना खोदायचंय त्यांनी आधी खोदा, मग रस्ता. त्यानंतर ठरावीक वर्षं त्या रस्त्याला हात नाही. अपवाद फक्त तातडीच्या दुरुस्तीचा, आणि ती तातडी काय होती हेही जाहीर करा.

३. प्रत्येक कामावर मराठीत फलक. परवाना क्रमांक, कंपनी, ठेकेदार, जबाबदार अभियंत्याचं पद आणि कार्यालयाचा फोन, काम संपायची तारीख. फलक नाही तर काम बंद.

४. चर बुजवताना दर टप्प्याचे, ठिकाण आणि वेळ उमटलेले फोटो सक्तीचे करा. अभियंता सगळीकडे पोहोचू शकत नाही, मान्य. मग निदान दहातला एक चर अचानक उघडून तपासा. कोणता उघडणार हे आधी कोणालाच माहीत नको. बाकीचे नऊ आपोआप सुधारतील.

५. अनामत रक्कम काम झाल्याबरोबर परत नको. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. चर खचला नाही तर पैसे परत, खचला तर त्यातूनच दुरुस्ती. आणि दुरुस्तीसाठी जमा झालेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, दुसरीकडे वळवू नका. दर तीन महिन्यांनी किती आले आणि किती रस्ते पूर्ववत झाले, ते जाहीर करा.

हे पत्र मी उद्या सकाळी कार्यालयात देतोय आणि पोच घेतोय. तुम्ही काय करायचं ते सांगतो. तुमच्या गल्लीत जेसीबी दिसला की शांतपणे खाली उतरा. कामगारांवर ओरडू नका, ते बिचारे रोजावर आहेत. तीन गोष्टी विचारा: परवाना कुठे आहे, संपायची तारीख कोणती, बुजवताना तपासायला कोण येणार आहे? पहिल्याचं उत्तर नेहमी मिळेल, दुसऱ्याचं कधीकधी. तिसऱ्याचं उत्तर मला चार वेळांत एकदाही मिळालं नाही. चर उघडा असताना आणि बुजल्यावर फोटो काढा, तारखेसह जपून ठेवा. उद्या कोणी पडलंच, तर कोऱ्या फाईलसमोर ठेवायला तुमच्याकडे एवढंच असेल.

काल संध्याकाळी केबलवाले चर उघडा ठेवून गेले. कडेला लाल-पांढरी पट्टी बांधली होती, ती रात्री वाऱ्याने सुटली. मी जाऊन परत बांधत होतो तेव्हा काकू वरून गॅलरीतून बघत होत्या. म्हणाल्या, "अरे, या वेळी तरी नीट बुजवतील का?"

मी म्हणालो, "परवाना आहे त्यांच्याकडे काकू."

काकू हसल्या. मला नाही हसता आलं.